हिमप्रदेशातील गावे आणि परवडणारे इंटरनेट

कॅनडा देशाच्या ईशान्य भागात नुनावुत नावाचा प्रदेश आहे. १ एप्रिल १९९९ रोजी तो स्वतंत्र प्रदेश म्हणून अस्तित्वात आला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २१ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ सातपट आहे. परंतु २०२१ च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या ३७ हजारांहूनही किंचित कमी भरली. आपल्याकडील एखाद्या लहानशा नगरपरिषदेच्या हद्दीत मावतील एवढी ही माणसे पंचवीस गावांत विखुरलेली आहेत आणि त्यांतील एकाही गावास बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ता नाही. माणसे विमानाने येतात-जातात. समुद्रावरील बर्फ वितळला की उन्हाळ्याच्या काही आठवड्यांत जहाजे येतात आणि वर्षभराचे जड सामान उतरवून जातात. वीज गावोगावच्या डिझेल जनित्रांवर निर्माण होते. अतिउत्तरेकडील ग्रीस फियर्ड या गावाची लोकसंख्या तर दीडशेच्या आसपास आहे.

अशा गावात इंटरनेट कसे पोहोचवावयाचे, हा प्रश्न गेली तीस वर्षे कॅनडाचे शासन, तेथील दूरसंचार कंपन्या आणि मुख्यतः तेथील आदिवासी समाज यांच्यापुढे आहे. नुनावुत व क्यूबेक प्रांताचा उत्तर भाग येथे इन्यूइट लोकांची वस्ती आहे. त्याच्या दक्षिणेस ऑन्टारिओ व मॅनिटोबा प्रांतांच्या अरण्यात ‘फर्स्ट नेशन्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जमाती राहतात. या सर्वांचा अनुभव पाहता एक गोष्ट ठळकपणे दिसते. ज्या यंत्रामुळे इंटरनेट गावात येते, त्या यंत्रापेक्षा त्याचे भाडे कोण भरतो, गावातील जोडणी कोणाच्या मालकीची आहे आणि गावातील सर्वांची मागणी एकत्र आणणारी संस्था आहे किंवा नाही, यांवर सेवा परवडणारी ठरणार की नाही हे अधिक अवलंबून राहिले आहे.

दरी कोठे आहे

कोणत्याही गावाच्या इंटरनेट व्यवस्थेचे दोन भाग पडतात. देशाच्या मुख्य जाळ्यापासून गावाच्या वेशीपर्यंत येणारी लांब वाहिनी हा पहिला, आणि वेशीपासून घराघरांत, शाळेत, दवाखान्यात जाणारी स्थानिक जोडणी हा दुसरा. पाणीपुरवठा योजनेतील मुख्य जलवाहिनी आणि गावातील नळजोडणी यांत जो भेद असतो, तोच येथेही आहे. शहरात या दोहोंचा खर्च लक्षावधी ग्राहकांवर विभागला जातो. उत्तरेकडील तीनशे वस्तीच्या गावात स्थानिक जोडणीचा खर्च फारसा भयंकर नसतो. एखादा मनोरा, काही बिनतारी उपकरणे आणि ती सांभाळणारा एक माणूस एवढ्यावर काम भागते. खरा भार पडतो तो लांब वाहिनीचा. शेकडो किलोमीटरच्या या वाहिनीचा खर्च साठ-सत्तर घरांवर वाटला, तर एकाही घरास तो झेपणारा नसतो.

त्यात भूमीची अडचण. तेथील जमिनीखालचा थर बारमाही गोठलेला असतो. उन्हाळ्यात वरचा थर विरघळून चिखल होतो व अवजड यंत्रे रुततात, म्हणून केबल पुरण्याचे पुष्कळसे काम भर हिवाळ्यात, जमीन दगडासारखी झाली असता करावे लागते. खणलेल्या चरामुळे गोठलेला थर उघडा पडला तर तो पुढे वितळू लागतो, जमीन खचते आणि केबलही तिच्याबरोबर ओढली जाते.

अनिक : आकाशातील भाऊ

जमिनीवरील मार्ग असा बिकट असल्यामुळे कॅनडाने फार लवकर आकाशाकडे दृष्टी वळवली. १९६९ मध्ये संसदेच्या कायद्याने टेलिसॅट ही संस्था स्थापन झाली आणि ९ नोव्हेंबर १९७२ रोजी ‘अनिक ए-१’ हा उपग्रह सोडण्यात आला. देशांतर्गत दळणवळणासाठी भूस्थिर उपग्रह वापरणारा कॅनडा हा जगातील पहिला देश ठरला. ‘अनिक’ या इनुक्टिटुट शब्दाचा अर्थ भाऊ. १९७३ पासून या भावाच्या मदतीने उत्तरेकडील गावांत दूरध्वनी आणि दूरचित्रवाणी पोहोचू लागली.

या टप्प्यावर घडलेली एक गोष्ट पंचायतीच्या सदस्यांनी आवर्जून लक्षात घ्यावी अशी आहे. इग्लूलिक या गावाने १९७५ मध्ये आणि पुन्हा १९७९ मध्ये मतदान घेऊन दूरचित्रवाणी नाकारली. गावकऱ्यांचा यंत्राला विरोध नव्हता. त्या पडद्यावर इनुक्टिटुट भाषेत एक शब्दही ऐकू येणार नाही आणि मुले आपली बोली विसरतील, हे त्यांचे म्हणणे होते. १९८१ मध्ये इन्यूइट लोकांची स्वतःची प्रसारण संस्था उभी राहिली, स्वभाषेतील कार्यक्रम सुरू झाले आणि त्यानंतरच, १९८३ च्या सुमारास, इग्लूलिकने दूरचित्रवाणीस दार उघडले. सुविधा कोणत्या अटीवर स्वीकारावयाची, हे ठरविण्याचा अधिकार गावाने वापरला. याच इग्लूलिकचे झकारियस कुनुक यांच्या ‘अटानार्जुआट’ या इनुक्टिटुट चित्रपटास २००१ मध्ये कान महोत्सवात पहिल्या चित्रपटासाठीचा ‘कॅमेरा दोर’ पुरस्कार मिळाला, ही गोष्टही या संदर्भात अर्थपूर्ण आहे.

दूरचित्रवाणीस उपयोगी पडलेला भूस्थिर उपग्रह इंटरनेटला मात्र तितका मानवत नाही. हा उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. संदेश वर जाऊन खाली येण्यास सुमारे पाव सेकंद आणि त्याचे उत्तर येण्यास आणखी पाव सेकंद लागतो. चित्रपट पाहताना हा विलंब जाणवत नाही. दोन माणसांच्या संभाषणात तो पदोपदी अडखळवतो. शिवाय महाराष्ट्रात घरांवरील डिश बऱ्याच उंच कोनात आकाशाकडे वळलेल्या दिसतात, तर ग्रीस फियर्डसारख्या गावात विषुववृत्तावरील उपग्रह क्षितिजाच्या जेमतेम वर असल्यामुळे तेथील डिश जवळजवळ समोरच्या टेकडीकडे पाहत उभी असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उपग्रहाची वहनक्षमता मर्यादित आणि भाड्याने घ्यावयाची असते. एका घराने रात्री चित्रपट लावला की शेजारच्या चार घरांचा वेग मंदावतो. म्हणून कंपन्या वापरावर मासिक मर्यादा घालतात आणि मर्यादा ओलांडली की जादा आकार लावतात. संगणकाने आपणहून उतरवून घेतलेल्या अद्ययावत प्रणालीचे बिलदेखील कुटुंबाच्या माथी पडते. २०२० च्या साथीच्या काळात शाळा घरी आल्या तेव्हा हा जादा आकार काही काळ माफ करावा लागला, यावरून तो किती जाचक होता याची कल्पना यावी.

एकाच उपग्रहावर विसंबण्यात धोकाही होता. ६ ऑक्टोबर २०११ रोजी ‘अनिक एफ-२’ या उपग्रहाचे तोंड काही तांत्रिक बिघाडामुळे पृथ्वीवरून ढळले. उत्तरेकडील कित्येक गावांचे दूरवरचे दूरध्वनी, इंटरनेट आणि बँकेची यंत्रे एकदम बंद पडली. विमानांची उड्डाणे रद्द झाली. त्याच दिवशी उपग्रह पुन्हा मार्गावर आणण्यात आला. तथापि, ज्या गावात रस्ता नाही आणि रुग्णास विमानानेच हलवावे लागते, तेथे हे काही तास किती लांब वाटले असतील हे सांगावयास नको.

के-नेटचा प्रयोग

या सर्व इतिहासात सर्वाधिक अभ्यासण्याजोगा प्रयोग ऑन्टारिओ प्रांताच्या वायव्य भागात झाला. तेथील काही जमातींच्या प्रमुखांची ‘कीवेटिनूक ओकिमाकनक’ नावाची परिषद आहे. या शब्दांचा अर्थ ‘उत्तरेचे प्रमुख’ असा होतो. डियर लेक, नॉर्थ स्पिरिट लेक, पॉप्लर हिल, कीवेविन, मॅकडॉवेल लेक आणि हडसन उपसागराच्या किनाऱ्यावरील फोर्ट सेव्हर्न ही तिची गावे. फोर्ट सेव्हर्न हे ऑन्टारिओतील सर्वांत उत्तरेकडचे गाव. या गावांना हिवाळ्यात तळी व नद्या गोठल्यावर बर्फावरून तात्पुरता रस्ता मिळतो, एरव्ही विमान.

या परिषदेने १९९४ मध्ये ‘के-नेट’ची सुरुवात केली ती अगदी साध्या स्वरूपात. दूरध्वनीच्या तारेवरून संगणक जोडून निरोप ठेवण्याचा तो एक संगणकीय सूचनाफलक होता. दूरसंचार कंपन्यांना या गावांत नफा दिसत नव्हता, आणि त्यांच्या हिशेबाने पाहता तो खरोखरच नव्हता. परिषदेने हिशेबच वेगळा मांडला. गावातील शाळेस इंटरनेट हवे होते व त्यासाठी शिक्षण खात्याकडून काही रक्कम येत होती. दवाखान्यास हवे होते, त्यासाठी आरोग्य खात्याची तरतूद होती. जमातीच्या परिषदेचे कार्यालय होते, पोलीस ठाणे होते. प्रत्येकाने आपापली स्वतंत्र, तुटपुंजी जोडणी घ्यावी अशी तोवरची रीत होती. ही सर्व मागणी एकत्र करून गावासाठी एकच मोठी वाहिनी घेतली, तर तिचा बहुतेक खर्च या संस्थांच्या पैशातून निघतो आणि घरगुती जोडणी त्याच वाहिनीवर अल्प दरात देता येते, असे परिषदेने दाखवून दिले.

गावातील जोडणी मात्र परिषदेने आपल्याकडे ठेवली नाही. ती त्या त्या गावाच्या मालकीची राहिली. गावाने आपला माणूस नेमावयाचा, त्याने तारा ओढावयाच्या, बिले गोळा करावयाची, बिघाड दुरुस्त करावयाचा. दर गावाने ठरवावयाचा. अवघड तांत्रिक काम, प्रशिक्षण आणि बाहेरच्या कंपन्यांशी वाटाघाटी एवढेच के-नेटकडे. बर्फाच्या वादळात मनोऱ्यावरचे उपकरण बंद पडले तर दक्षिणेतील शहरातून तंत्रज्ञ विमानाने येईपर्यंत आठवडा जातो आणि त्याच्या विमानभाड्यातच दुरुस्तीचा खर्च बुडतो. गावातीलच तरुण शिडीवर चढू शकला, तर ते काम तासाभराचे. स्वस्ताईचे रहस्य बरेचसे या शिडीवर आहे.

या वाहिनीवर काय चालले, ते पाहिल्यावाचून तिचे मोल कळणार नाही. अनेक गावांत शाळा आठवीपर्यंतच. पुढे शिकावयाचे तर तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने घर सोडून विमानाने थंडर बेसारख्या शहरात जावे, अपरिचित कुटुंबात राहावे, ही रीत. ही ताटातूट किती महाग पडली याची नोंद सरकारी दप्तरात आहे. २००० ते २०११ या काळात अशी शिकावयास आलेली सात आदिवासी मुले-मुली थंडर बे येथे मृत्युमुखी पडली आणि २०१५-१६ मध्ये त्यांच्या मृत्यूंची जाहीर न्यायिक चौकशी झाली. या पार्श्वभूमीवर २००० मध्ये सुरू झालेल्या ‘कीवेटिनूक इंटरनेट हायस्कूल’चे महत्त्व समजून घ्यावयास हवे. या शाळेचे विषयशिक्षक निरनिराळ्या गावांत असतात आणि पाठ इंटरनेटवरून चालतात. परंतु प्रत्येक गावात एक वर्गखोली असते, तेथे एक प्रशिक्षित शिक्षक प्रत्यक्ष हजर असतो आणि मुले त्या खोलीत येऊन बसतात. केवळ पडद्यावर भिस्त ठेवलेली नाही. शिक्षणाचे गुण प्रांत शासनाने मान्य केलेले आहेत. मूल संध्याकाळी आपल्या घरी जेवते.

दवाखान्यांच्या बाबतीतही असेच घडले. के-नेटच्या वाहिनीवर उभी राहिलेली दूरवैद्यक सेवा पुढे वीसहून अधिक गावांत पसरली. परिचारिका रुग्णास पडद्यासमोर बसवते, शहरातील तज्ज्ञ तपासतो, आणि विमानाने नेण्याची गरज खरोखरच आहे किंवा नाही हे आधी ठरते. एका रुग्णाची अनावश्यक विमानफेरी वाचली की आरोग्य खात्याचे जे पैसे राहतात, ते वाहिनीच्या भाड्याकडे वळविता येतात. एका खात्याचा खर्च दुसऱ्या खात्याची बचत ठरतो; पण हे दोन आकडे एकाच कागदावर मांडणारा कोणी असावा लागतो. के-नेटने ते काम केले.

वाटून घेतलेली वाहिनी

क्यूबेक प्रांताच्या उत्तरेस नुनाविक हा इन्यूइट प्रदेश आहे. तेथील चौदा गावांसाठी ‘कातिविक प्रादेशिक शासन’ या लोकनियुक्त संस्थेने २००४ मध्ये ‘तामानी’ ही स्वतःची इंटरनेट सेवा सुरू केली. पुढे नुनाविकमधील, ऑन्टारिओच्या के-नेटमधील आणि मॅनिटोबातील आदिवासी गावांच्या संस्था एकत्र आल्या आणि उपग्रहाची क्षमता त्यांनी सामाईक घेतली. चाळीसहून अधिक गावे या व्यवस्थेत आली. एका गावात शाळा सुटली आणि दुसऱ्या गावात त्याच वेळी डॉक्टरांची तपासणी सुरू असली, तर पहिल्याची रिकामी क्षमता दुसऱ्याकडे वळते. पाणीवाटपाच्या पाळ्यांवर आयुष्य काढलेल्या कोणाही शेतकऱ्यास ही कल्पना चटकन समजेल.

नुनावुतमध्ये ‘नुनावुत ब्रॉडबँड विकास महामंडळ’ या ना-नफा संस्थेने २००५ मध्ये ‘किनिक’ हे बिनतारी जाळे पंचवीसही गावांत एकाच योजनेखाली सुरू करविले. राजधानी इकालुइत असो वा दीडशे वस्तीचे गाव, सेवा सर्वांना मिळावी, हे तत्त्व त्यात होते. मोठ्या गावांतून नफा काढून घ्यावा आणि लहान गावे शासनाने पाहावीत, या नेहमीच्या वाटणीस त्यामुळे आळा बसला.

वाहिनी अपुरी असली तरी युक्तीने तिचा ताण हलका करता येतो, हे इग्लूलिकच्या कलावंतांनीच दाखविले. कुनुक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ‘इसुमा टीव्ही’ हे इंटरनेटवरील दूरचित्रवाणी केंद्र सुरू केले. गावातील जोडणी इतकी मंद की चित्रफीत पाहणे अशक्य. म्हणून गावात एक साठवण यंत्र बसविण्यात आले. ते चित्रफिती हळूहळू आपल्या पोटात उतरवून घेते आणि गावातील प्रेक्षकांना स्थानिक तारेवरून वेगाने दाखविते. एकच चित्रफीत शंभर घरांनी शंभर वेळा उपग्रहावरून आणण्याऐवजी ती एकदाच येते. आपल्या आश्रमशाळांना व दुर्गम गावांतील वाचनालयांनाही ही युक्ती सहज अवलंबिता येण्यासारखी आहे.

केबल, वणवा आणि बर्फ

उपग्रहाचे भाडे कधीच संपत नाही. केबल एकदा पडली की तिची क्षमता पुष्कळ पटींनी वाढविता येते. म्हणून जेथे शक्य तेथे प्रकाशतंतूची केबल नेण्याचे प्रयत्न झाले. ऑन्टारिओच्या वायव्येस २०१० नंतरच्या वर्षांत वीसहून अधिक आदिवासी गावे अशा केबलने जोडली गेली. वायव्य प्रदेशात मॅकेन्झी नदीच्या खोऱ्यातून इनुविकपर्यंत १,१५४ किलोमीटर लांबीची केबल २०१७ मध्ये पूर्ण झाली. इनुविक हे तीन-सव्वातीन हजार वस्तीचे गाव. एवढ्यासाठी एवढी केबल कशी परवडली? ध्रुवांवरून फिरणारे भूनिरीक्षण उपग्रह दिवसातून अनेक वेळा इनुविकच्या आकाशातून जातात, त्यांची छायाचित्रे उतरवून घेणारे भूकेंद्र तेथे २०१० मध्ये उभे राहिले आहे आणि त्या माहितीच्या ओघास वेगवान केबलची निकड होती. त्या मोठ्या ग्राहकाच्या आधाराने वाटेवरील लहान गावांच्या दारातून केबल गेली. नुनाविकमध्ये हडसन उपसागराच्या तळाशी टाकलेल्या केबलचा पहिला टप्पा २०२२ मध्ये पूर्ण होऊन कुजुआरापिक, उमिउजाक, इनुक्जुआक व पुविर्नितुक ही गावे जोडली गेली.

परंतु केबल एकच असली तर तीही दगा देते. ऑगस्ट २०२३ मध्ये वायव्य प्रदेशात भीषण वणवे पेटले. हे रिव्हर व फोर्ट स्मिथ ही गावे रिकामी करण्याची वेळ आली, नेमकी तेव्हाच आगीत केबल जळून त्या भागातील इंटरनेट व दूरध्वनी बंद पडले. गाव सोडून कोणत्या वाटेने जावे हे लोकांना कळविण्याचे साधनच नाहीसे झाले. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरील समुद्री केबल जून २०२३ मध्ये तरंगत्या बर्फाच्या घर्षणाने तुटली. ती जोडण्यास जहाज न्यावयाचे तर बर्फ हटला पाहिजे, म्हणून काही महिने थांबावे लागले. जानेवारी २०२५ मध्ये ती पुन्हा तुटली आणि उन्हाळ्यापर्यंत तशीच राहिली. याच कारणासाठी युकॉन प्रदेशातील डॉसन सिटीपासून इनुविकपर्यंत सुमारे ८०० किलोमीटरची दुसरी केबल हाती घेण्यात आली. तिच्यामुळे नवे गाव जोडले जाणार नव्हते. मॅकेन्झीच्या केबलशी मिळून एक वर्तुळ पूर्ण होणार होते, जेणेकरून एका बाजूस तुटले तरी दुसऱ्या बाजूने व्यवहार चालावा. अंदाजपत्रकात अशा ‘दुसऱ्या वाटेचे’ समर्थन करणे कठीण जाते, कारण पहिली वाट शाबूत असेपर्यंत ती निरुपयोगी दिसते. पर्लकोटा नदीस पूर येऊन ज्यांचा संपर्क तुटतो, त्या भामरागडच्या रहिवाशांना मात्र तिचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही.

जवळून फिरणारे उपग्रह

२०२० पासून या चित्रात मोठा बदल झाला. पृथ्वीपासून अवघ्या ५५० किलोमीटरच्या आसपास फिरणाऱ्या हजारो लहान उपग्रहांची ‘स्टारलिंक’ सेवा सुरू झाली. ऑन्टारिओतील पिकांगिकम या आदिवासी गावाने २०२० च्या अखेरीस ती घेतली व लवकरच ती उत्तरेकडे पसरली. अंतर कमी म्हणून विलंब कमी, वेग अनेक पटींनी अधिक. ज्या घरात पत्र उघडण्यास मिनिटे लागत, तेथे वर्ग आणि तपासण्या सुरळीत चालू लागल्या. हा लाभ खरा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही.

तथापि, त्याची दुसरी बाजूही तपासून घ्यावयास हवी. प्रत्येक घर आपली डिश छपरावर लावून थेट परदेशी कंपनीस पैसे भरते. ज्यांना डिशचा एकरकमी खर्च झेपतो व ज्यांच्याजवळ बँकेचे कार्ड आहे, त्यांची सोय होते. उरलेले गावाच्या जुन्या जाळ्यावर राहतात आणि त्यांच्यावर त्या जाळ्याचा सगळा भार पडतो. बिले गोळा करणारा, शिडीवर चढणारा गावातील माणूस कामावरून जातो. आणि सेवा चालू ठेवणे न ठेवणे गावाच्या, किंबहुना देशाच्याही हाती राहत नाही. ऑन्टारिओ शासनाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्रामीण व उत्तरेकडील १५ हजार घरांसाठी या कंपनीशी १० कोटी डॉलरचा करार केला होता. अमेरिकेने लादलेल्या आयातकराच्या वादात २०२५ मध्ये तो शासनानेच रद्द केला. त्या वादाशी अरण्यातील त्या घरांचा काडीमात्र संबंध नव्हता. यावर एक मध्यम मार्ग निघू शकतो : गावाच्या संस्थेने जवळच्या उपग्रहांची क्षमता घाऊक घ्यावी आणि आपल्या स्थानिक जाळ्यातून ती घरोघर वाटावी. लांब वाहिनी बदलली तरी गावातील जोडणी व तिची मालकी तीच राहते.

परवडणे म्हणजे काय

कॅनडाच्या दूरसंचार नियामक आयोगाने २१ डिसेंबर २०१६ रोजी इंटरनेट ही मूलभूत सेवा असल्याचा निर्णय दिला. सेकंदास ५० मेगाबिट उतरविण्याचा आणि १० मेगाबिट चढविण्याचा वेग, वापरावर मर्यादा नसलेल्या योजनेसह, प्रत्येक घरास उपलब्ध व्हावा हे उद्दिष्ट ठरले आणि पाच वर्षांत ७५ कोटी डॉलरपर्यंतचा निधी दूरसंचार कंपन्यांकडून उभारण्याचे ठरले. पुढे केंद्र शासनाने २०३० पर्यंत सर्व घरे जोडण्याचे लक्ष्य जाहीर केले.

मार्च २०२३ मध्ये त्या देशाच्या महालेखापरीक्षकांनी या कामाची तपासणी करून अहवाल सादर केला. २०२१ मध्ये देशातील ९०.९ टक्के घरांना ठरलेला वेग मिळत होता. ग्रामीण व दुर्गम भागात हे प्रमाण ५९.५ टक्के, आणि फर्स्ट नेशन्सच्या राखीव वस्त्यांत ४२.९ टक्के होते. याहून महत्त्वाचा त्यांचा आक्षेप निराळा होता. संबंधित खाते सेवेचे दर नोंदवीत होते, परंतु ते दर कुटुंबाच्या उत्पन्नाच्या तुलनेत झेपतात काय हे पाहत नव्हते. दोन गावांत दर सारखाच असला तरी जेथे दूध, भाजी, इंधन सर्वच विमानाने किंवा जहाजाने येते, तेथील कुटुंबास तो सारखा पडत नाही. ‘जोडलेली घरे’ या रकान्यात हे कोठेच उमटत नाही.

आपल्या देशात ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे ‘भारतनेट’ नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेतून ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूची केबल नेण्याचे काम हाती घेण्यात आले. म्हणजे येथे लांब वाहिनीचा भार शासनाने उचलला आहे. उत्तर कॅनडातील गावांस जे दुर्लभ होते ते ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत येऊन थांबते; त्यापुढील शाळा, प्राथमिक आरोग्य उपकेंद्र, अंगणवाडी, सहकारी सोसायटी यांची मागणी एकत्र करून स्थानिक जोडणीचा हिशेब मांडणे हे काम मात्र दिल्लीतून किंवा मुंबईतून होणारे नाही. नादुरुस्त पेटी कोणी उघडावयाची, वीज गेल्यावर बॅटरी कोणी पाहावयाची, या प्रश्नांची उत्तरे डियर लेकप्रमाणेच धडगावातही गावालाच द्यावी लागतात.

नुनावुतमध्ये समुद्री केबल नेण्याच्या योजना गेल्या काही वर्षांत एकाहून अधिक वेळा मांडल्या गेल्या : एक ग्रीनलंडमधील नूकपासून इकालुइतपर्यंत, एक लॅब्रॅडोरच्या किनाऱ्याने, तर मॅनिटोबातून किवालिक विभागापर्यंत विजेच्या तारांसोबतच सुमारे १,२०० किलोमीटर केबल नेण्याची आणखी एक, जिच्यामुळे डिझेल जनित्रेही बंद करता यावीत. २०२५ पर्यंत यांतील एकही केबल टाकली गेलेली नव्हती आणि पंचवीसही गावांचे दळणवळण उपग्रहावरच चालू होते.